बारा कोरी पाने

एकदा एक शिष्य आपल्या पंथाच्या मूळमहाराजांचे चरित्र लिहायला बसला आणि बारा वर्षांपाशी अडला. महाराजांनी समाधी घेऊन दीडशे वर्षे झालेली. जन्म सापडला, दीक्षा सापडली, मठाची स्थापना सापडली. पण मधली बारा वर्षे ते कुठे होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. येत्या पुण्यतिथीला हे चरित्र भक्तांसमोर प्रथम वाचायचे होते. तीन वर्षे खपून शेवटी अर्धवट पोथी घेऊन बसायचे, हे त्याला मुळीच नको होते.

गुरूंना विचारावे, तर ऐंशीच्या घरातले ते वृद्ध एवढेच म्हणत, "नाही सापडलं ना? मग तसं लिही." आता हे काय उत्तर झाले?

शोधता शोधता तो डोंगराआडच्या बोरवंड गावी पोचला. भर दुपार, गावात चिटपाखरू नव्हते. वेशीवरच्या चिंचेखाली एका दगडावर ताजी फुले वाहिलेली, आणि साठीची एक बाई, मथाबाई, तिथे झाडलोट करत होती. महाराजांचे नाव काढताच ती म्हणाली, "हितंच तर बसायचे! म्यां ल्हानपणी या डोळ्यांनी पाह्यलंय. चकार शब्द बोलायचे न्हाईत. पाणी दिलं की पयली ओंजळ भुईला, मग आपण प्यायचे. आन् डाव्या कानाची पाळी फाटलेली."

पहिली ओंजळ भुईला देणारा, फाटक्या पाळीचा माणूस शिष्य रोज पाहत होता. ते त्याचे गुरू होते! म्हणजे महाराजांनीच पुन्हा देह धरला की काय? तो दगडाशेजारी बसला. मान वर केली, तर घराघरांच्या दारांत माणसे येऊन उभी राहिलेली. सगळे त्याच्याकडे टक लावून पाहत होते. तो घाईघाईने निघाला. वळणावरून मागे पाहिले, तेव्हा तो बसला होता तिथल्या मातीवर मथाबाई फूल ठेवत होती.

आठ दिवसांत चिंचेखालच्या बारा वर्षांचे प्रकरण लिहून त्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, आपण ओळख लपवलीत!"

गुरूंनी प्रकरण वाचले. मग पोथीची शिवण उसवली, ती पाने काढली आणि त्या जागी मोजून बारा कोरी पाने शिवली.

"त्या बाईचं वय काय रे?"

"साठ असेल."

"आणि मूळमहाराजांना जाऊन?"

शिष्याची मान खाली गेली. एवढी साधी गोष्ट, पण आनंदाच्या भरात डोक्यातच आली नव्हती!

गुरू म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वी हीच बारा वर्षं शोधायला मी त्या गावी गेलो होतो. माझं मौनव्रत होतं. म्हणून महाराजांचं चित्र दाखवायचो आणि खुणेनं विचारायचो, हे कधी इथं राहिले होते का? लोकांना वाटलं, मी म्हणतोय की हा मीच. ते पाया पडू लागले. 'मी तो नव्हे' हे मातीत बोटानं लिहिता आलं असतं. नाही लिहिलं. बरं वाटत होतं रे मला! बाळा, रिकाम्या जागेवर लोक कुणाला ना कुणाला बसवणारच. आपण तिथं बसू नये."

पुण्यतिथीला शिष्याने चरित्र वाचले. बारा कोरी पाने त्याने एकेक करून, न बोलता उलटली. वाचन संपल्यावर गर्दीतून मथाबाई पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

"लई ग्वाड वाचलंस बाबा, चिंचेखालचं. शेवटी त्यो तरणा साधू येतो न्हवं, तवा तर रडूच आलं."

शिष्याने पोथी उघडून कोरे पान तिच्यापुढे धरले. "आई, इथलं मी काहीच वाचलं नाही. पानं कोरी आहेत. आणि तुमच्या गावी आलेला तो मीच, साधा माणूस."

मथाबाईने त्या पानाकडे मायेने पाहिले आणि हात जोडले. "त्ये बी असंच म्हनायचे."

चकार शब्द न बोलणारे हे कधी म्हणाले, असे त्याने विचारले नाही. पण पुढच्या वर्षापासून ती पाने उलटताना तो गप्प बसला नाही. प्रत्येक पानाला थांबून, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणे, "हे आम्हाला माहीत नाही." बारा वेळा.