मागची दोरी

"…मग आता मी कुठं जाऊ, तेवढं तरी सांगा."

विचारणारे गृहस्थ पुण्याचे. श्रीपाद घैसास त्यांचं नाव. विचारत होते येसूबुवांना.

धोंडेश्वराच्या डोंगराखाली, जिथून चढ लागतो, तिथं बुवांची झोपडी. चैत्रातल्या जत्रेला गावोगावच्या कावडी नदीचं पाणी घेऊन तिथं येतात आणि उभा कडा चढून वर महादेवाला जातात.

आमची कावड झोपडीपुढं थांबलेली. थांबलेली म्हणजे आमच्या खांद्यावरच. नदीवरून उचलली की वर पोचेपर्यंत ती भुईला टेकवायची नाही. म्हणून हे बोलणं आम्ही उभ्यानं ऐकत होतो.

बुवा दारात बसून दोरी हाताखालून घालत होते. कुठं विरली आहे का, बघत होते.

घैसासांनी गळ्यातला कॅमेरा बाजूला करून बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत धागेच धागे. लाल, पिवळे, काळे.

"हा काशीचा. हा पुरीचा. हा रामेश्वरचा. हा अजमेरच्या दर्ग्यातला. सगळं बघितलं, महाराज. कुंभातलं स्नान बघितलं. पुरीचा रथ हातभर अंतरावरून गेला माझ्या. लोक रडतात, लोळण घेतात… मी आपला कोरडाच."

"हां," बुवा म्हणाले.

"इथं दोनदा निघालो. एकदा गाडी बिघडली, एकदा गर्दीत मागं राहिलो. पहिल्या कावडीचं पाणी पिंडीवर पडतं, तो क्षण म्हणे एकदा तरी बघावा. वर्षातनं एकदाच येतो. तुम्ही तर किती वेळा बघितला असेल."

"न्हाई बघितला."

"म्हणजे?"

"मागच्या दोरीला असतो मी."

घैसासांना हसू आलं. "आयुष्य इथं काढलंत, आणि वरचं काही बघितलं नाही?"

बुवांनी मान हलवली. दोरीची गाठ तपासत राहिले.

मागची दोरी म्हणजे काय, ते सांगतो. कावड जड. दोन बाजूंना पाण्याचे दोन हंडे, मध्ये उंच काठी, तिला निशाण. पुढं दोर लावून माणसं ओढतात, म्हणून ती चढते. पण नुसतीच ओढली तर पुढं उलटते, नाहीतर दरीकडं कलंडते. म्हणून मागं एक दोरी. तिला दोघं; खालच्या गावांच्या कावडींना ते दोघं म्हणजे बुवा आणि त्यांचा जोडीदार. ते खाली ओढून धरतात.

"वर न्यायची वस्तू, आणि तुम्ही खाली ओढता?"

"हां."

मग बुवांनी त्यांच्याकडं नीट बघितलं.

"महादू माझा जोडीदार. औंदा त्याची कंबर धरलीय. उठवत न्हाई. धरता का दोरी?"

आमच्या पुढच्या खांद्याला गणपा होता. तो तिथूनच बोलला, "बुवा, काय थट्टा करताय. सायबाच्या हाताला कॅमेऱ्याच्या बटणाची सवय. दोरी सोडंल त्यो."

"सोडंल तवा बघू."

घैसासांना ते लागलं असावं. पण विचारलं त्यांनी दुसरंच.

"कावडीबरोबर थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येतं का?"

"कावड जाती थेट."

घैसासांनी कॅमेरा झोपडीत ठेवला आणि दोरी धरली.

मागच्या खांद्याला मी होतो. मागं वळून बघायला येत नाही तिथं. जे कळलं ते कानानं आणि खांद्यानं.

अर्धा चढ नीट गेला. मग बोळ लागला. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आणि पायाखाली सुटी खडी. तिथं पुढचे लोक वळणाआड जातात. त्यांचा आवाज येतो, माणूस दिसत नाही.

आम्ही बोळात शिरलो आणि वर नगारा सुरू झाला.

"बुवा, हा नगारा…"

"पयली कावड दारात गेली."

"पहिली? मग ही?"

"ही मागनं जाईल. मान वरच्या गावाचा."



"म्हणजे ते पाणी पडताना मला दिसणार नाही."

"न्हाई."

"तुम्ही म्हणालात कावड थेट जाते."

"कावड जाती. दोरी खालीच ऱ्हाती."

माझ्या खांद्यावर एकदम वजन आलं. दोरी सैल पडली होती. काठी दरीकडं झुकली, हंडा हिंदकळला, गार पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरलं.

"बुवा…" गणपा पुढनं ओरडला. "दोरी."

बुवांच्या तोंडून नुसता हुंकार आला. काठी सरळ झाली नाही, पण झुकायची थांबली. एकट्या बुवांवर होती ती.

"बाजूला पायवाट आहे," घैसास म्हणाले. त्यांना दम लागला होता. "पळत गेलो तर गाठीन मी."

"गाठशील. पाय धड हायेत तुझे."

इतका वेळ 'तुम्ही' म्हणणारे बुवा आता 'तू' म्हणाले.

"मग जाऊ?"

"सोडायची तर सांगून सोड. तेवढा पाय रोवून घेतो."

"एकट्याला पेलेल तुम्हाला?"

"न्हाई."

नगारा जलद झाला. आमचं गाव वरच्या बाजूला दोर धरून ओरडत होतं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. माझा डावा पाय खडीवर होता. खडी एकेक दाणा करून सरकत होती आणि दरीत पडल्याचा आवाज येत नव्हता.

"हे काय बोलणं झालं?" घैसास ओरडले. "अडकवलंत तुम्ही मला."

"कुठं गाठ मारलीय? मूठ तुझीच हाय."

…

मी डोळे मिटले. 

"अहो," मागनं आवाज आला. "मागच्या खांद्याचे. नाव काय तुमचं?"

मला आधी कळलंच नाही मला विचारतायत.

"दौलू."

"दौलू, पाय कुठं आहे तुमचा?"

"निसटतोय, साहेब."

खांद्यावरचं वजन हललं. हळूच, जसं कुणी दुखऱ्या जागेवरून हात उचलावा. काठी दरीकडून कड्याकडं आली.

"आता?"

"थोडं अजून."

"आता?"

"लागला. खडक लागला."

"मग टाका पुढं पाय. मी धरलंय."

तेवढ्यात वर नगारा थांबला. एक क्षण सगळं शांत, आणि मग सगळा डोंगर एका तोंडानं गर्जला. पाणी पिंडीवर पडलं होतं.

अशा वेळी माणूस वर बघतो आणि त्याचा हात ढिला पडतो. मी वाट बघत होतो. पण दोरी तसूभरही सैल झाली नाही.

आम्ही बोळातून बाहेर पडलो. कड्याच्या माथ्यावर दोरी सोडली जाते. तिथून पुढं सपाट आहे. आम्ही कावड देवाला दिली, खोबऱ्याचे तुकडे घेतले आणि मागं आलो.

घैसास कड्याला पाठ लावून बसले होते. दोरी बुवांनी काढून घेतली होती, तरी त्यांच्या मुठी तशाच. मी खोबरं पुढं केलं. त्यांनी बघितलं, पण हात उघडेना. मग बुवा खाली बसले आणि एकेक बोट धरून त्यांनी मूठ सोडवली. तळव्याचं कातडं निघालं होतं. दोरीच्या घासण्यानं मनगटावरचे धागे तुटले होते. काही मातीत पडलेले, काही लोंबत होते. घैसासांनी ते बघितले. उचलले नाहीत.

गणपाला राहवलं नाही.

"काय सायेब, झालं का दर्शन?"

"झालं," घैसास म्हणाले. "दौलूची टाच बघितली. फार फुटलीय. तेल लावायला सांगा त्याला."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. बुवाही नाहीत.

खालून ढोल ऐकू यायला लागला. उन्हं कलली होती. वरून माणसं दर्शन करून उतरत होती, कपाळाला भस्म, एकमेकांना सांगत होती काय काय दिसलं ते. घैसास त्यांना वाट देत बाजूला झाले. हाताला फडकं गुंडाळलं. मग बुवांजवळ येऊन उभे राहिले.

"बुवा… आता कुठं?"

बुवा दोरीचं वेटोळं करून खांद्यावर टाकत होते.

"खाली," ते म्हणाले. "अजून एक कावड यायचीय."