टेकूला लागलेले दोडके

"आणखी पंधरा दिवस दिले तर चालंल का, अप्पाजी?"

इरण्णा गवंडी ओसरीपुढे हात जोडून उभा होता. मठाचे अप्पाजी सूप घेऊन तांदूळ निवडत होते.

"घे की," अप्पाजी म्हणाले.

मागच्या अंगणातून मठाची स्वयंपाकीण गौरव्वा ओरडली, "द्या, द्या! दिवसच द्या त्याला! हितं माझी हाडं भाजली!"

तिचं खरंच होतं. मठात रोज दीडशे माणसं जेवतात. त्यांच्यासाठी नवं स्वयंपाकघर बांधलं, आणि त्याची मोठी कमान इरण्णानं दिवाळीआधीच पुरी केली. तरी वैशाखाच्या उन्हात गौरव्वाच्या चुली अजून अंगणातच होत्या.

कारण कमानीखालचा लाकडी साचा अजून तसाच होता. साच्याखाली टेकू आणि टेकूखाली पाचरी. चुना पक्का धरला की पाचरी ठोकून काढायच्या, मग टेकू, मग साचा. फार तर दोन महिन्यांची गोष्ट. इथं सहा होऊन गेले होते.

गवंड्यांची रीत अशी, की ज्यानं कमान बांधली त्यानंच तिच्याखाली उभं राहून पहिली पाचर काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे सगळा मठ इरण्णाच्या तोंडाकडे बघत बसला होता.

इरण्णाकडे कारणांना तोटा नव्हता. थंडीत चुना हळू धरतो. मग अमावास्या आली. मग पूर्वेचा वारा सुटला. तोवर सांडपाण्यावर उगवलेला दोडक्याचा वेल टेकूंवर चढला आणि त्याला दोडकेही लागले. गौरव्वानं त्यांची भाजी केली आणि इरण्णाला मुद्दाम दोनदा वाढली.

त्यानं ती मान खाली घालून खाल्ली. एरवी हा गडी मान खाली घालणारा नव्हे. पंचक्रोशीत ओळंबा काय तो त्याचाच सरळ, बाकी सगळ्यांचे वाकडे, असं तो चारचौघांत सांगत असे.

आज पंधरा दिवस मिळाले, तरी तो हलेना.

अप्पाजींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मिळाले की दिवस. आता काय?"

"काही न्हाई."

"मग जा."

...

"अप्पाजी, मल्लप्पाचा पाय तुम्हाला ठावं हाय."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या कामाला फळ्या हव्यात म्हणून इरण्णानं एका पडवीचा साचा आठ दिवस आधीच काढला होता. छत खाली आलं आणि त्याच्या हाताखालच्या मल्लप्पाच्या पायावर पडलं. मल्लप्पा अजून लंगडतो. इरण्णासमोर हा विषय कुणी काढत नसे.

"त्या दिवशी घाई मी केली," इरण्णा म्हणाला. "मोडला त्याचा पाय. आता ह्या कमानीखाली गौरव्वा बसणार, बायाबापड्या बसणार. मला झोप न्हाई, अप्पाजी. कमान सरळ हाय, चुना चांगला हाय, समदं हाय. पण हात उचलत न्हाई." "ती उभी राहील का?"

अप्पाजींनी सूप खाली ठेवलं.

"तुझा ओळंबा दे."

इरण्णानं कमरेचा ओळंबा काढून दिला. अप्पाजींनी त्याचं पितळी वजन सोडून ओसरीवर ठेवलं, नुसता दोरा घेतला आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले.

कमानीच्या दोन्ही अंगांना बांबूच्या परांच्या तशाच बांधलेल्या होत्या. सत्तरी उलटलेले अप्पाजी धोतर खोचून एकीवर चढले.

"तू पलीकडून चढ."

"अप्पाजी, पडाल!"

"चढ."

इरण्णा चढला. दिवाळीनंतर तो पहिल्यांदाच वर येत होता. इतके महिने त्यानं ही कमान दारातूनच पाहिली होती.

अप्पाजींनी दोऱ्याला एक काडी बांधली. विटांची कमान आणि लाकडी साचा यांच्यामधून ती सरकवली.

काडी इरण्णाच्या बाजूला बाहेर आली.

तो बघतच राहिला.

"धर. आणि ओढत चल."

दोरा या अंगाला अप्पाजींच्या हातात, त्या अंगाला इरण्णाच्या. दोघं परांचीवरून पाऊल पाऊल सरकू लागले. दोरा माथ्यावरून गेला, पलीकडच्या उतारावर आला, खालपर्यंत आला. कुठंही अडला नाही.

उन्हानं लाकूड वाळून आकसलं होतं. साचा खाली बसला होता. कमान जिथल्या तिथं होती.

"म्हंजे..." इरण्णा म्हणाला.

...

"म्हंजे ही कशावरच टेकलेली न्हाई?"

अप्पाजी जपून खाली उतरत होते.

इरण्णा तिथंच परांचीवर बसला आणि रडला. रडता रडता हसायला लागला. छातीवरची धोंड उतरली की माणसाला दोन्ही एकदम येतं. मग त्यानं खाली उडी मारली, हातोडा घेतला, कमानीच्या बरोबर मध्याखाली उभा राहिला आणि पहिली पाचर उडवली.

थोडी धूळ पडली. एक दोडका पडला.

संध्याकाळच्या आत साचा उतरला. गौरव्वानं कुणाची वाट न बघता चुली आत आणल्या आणि पहिली भाकरी इरण्णाच्या हातावर ठेवली. इरण्णानं ती भाकरी कमानीखाली बसून खाल्ली आणि मोठा ढेकर दिला.

मग तो ओसरीवर आला. अप्पाजी उरलेले तांदूळ निवडत होते.

"तुम्हाला कधीपासनं ठावं होतं, अप्पाजी?"

"संक्रांत झाली आणि कमान नि साचा यांच्या मधून उन्हाची रेघ दिसायला लागली. रोज सकाळी पूजेला बसलं की समोरच येते."

इरण्णा उसळला. "चार महिने! चार महिने मी झुरलो, गौरव्वा उन्हात भाजली. आणि तुम्ही बोलला न्हाई?"

अप्पाजींनी सुपातले तांदूळ एकदा पाखडले.

"तू दर खेपेला दिवस मागितलेस. मी दिले. कमानीचं आज विचारलंस."