निंबारीची सळई

वाण नदी डोंगर सोडून जिथे वाळूत अंग पसरते, तिथे निंबारी नावाचे लहानसे गाव. त्या गावी ओसरीमहाराज राहत. मठाच्या आत ते फारसे बसलेच नाहीत. ओसरीच्या कडेला, भिंतीला टेकून असायचे, म्हणून लोकांनी ते नाव दिले. चैत्रात कडुनिंबाची फुले त्यांच्या खांद्यावर पडत, आणि महाराज ती झटकीत नसत. "निजलीत ती, राहू द्या," म्हणत.

सगुणा रोज सकाळी ती ओसरी सारवी. मूल झाल्यावर निंबाला झोळी बांधून सारवू लागली. पण तान्ह्याला एक दुखणे जडले. मधूनच ते कळवळून रडे, पाय पोटाशी घेई, मुठी आवळी. पोट नगाऱ्यासारखे टम्म. मग वारा सरला की आपोआप निवे, आणि आईकडे पाहून असे हसे, जणू रडणारे कोणी दुसरेच होते!

निंबारीत लेकराच्या पोटदुखीला एकच उपाय ठाऊक होता: डाग. सळई लाल तापवून बेंबीभोवती टेकवायची. बाळाचे पाय आईनेच धरायचे, आणि धरताना रडायचे नाही, अशी रीत. डागणाऱ्या कौतिकाबाई, सगुणाच्या आत्येसासूबाई. माझ्या हातचा डाग न लागलेले पोट गावात दाखवा, असे त्या ताठ मानेने म्हणत.

"आत्याबाई, एवढंसं तर पोट आहे त्याचं. महाराजांना विचारू का?" सगुणा भीत भीत म्हणाली.

"महाराजांना? वा वं माय! ज्याला अंगावरची फुलं झटकायचं सुचत नाही, तो लेकराचं पोट पाहणार? धर पाय!"

जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. सगुणाने पाय धरले. निखाऱ्यात सळई लाल झाली होती. तेवढ्यात बाळ आईकडे पाहून हसले. झाले! तिचे हात सुटले. लेकराला उराशी कवटाळून ती धावत सुटली, ती थेट ओसरीवर. मागोमाग चिमट्यात सळई धरून कौतिकाबाई, आणि त्यांच्यामागे सगळ्या बाया.

धावपळीने बाळ पुन्हा कळवळून रडू लागले. महाराजांनी हलकेच विचारले, "पोरी, दूध पितो ना? उलटी हिरवी होते का? शी लाल? अंगात ताप?"

"पितो, महाराज. बाकी काही नाही. वारा सरला की पोट मऊ लागतं."

"मग भिऊ नकोस. उलट्या हिरव्या असत्या, पोट फळीसारखं कडक असतं, तर आम्ही तुला इथं बसूच दिलं नसतं. गाडी जुंपून तालुक्याच्या डॉक्टरकडे धाडलं असतं. अंगारा मागाहून!" मग ते वळले. "कौतिके, सळई तापलीय का?"

"लालभडक!"

"मग आधी इथं टेकव." महाराजांनी उपरणे बाजूला सारून आपले पोट उघडे केले.

सगुणा ओरडली, "नको, आत्याबाई!" पण कौतिकाबाईंना आता माघार कुठली! त्यांनी सळई टेकवली.

आणि काय आश्चर्य! चरचर नाही, धूर नाही. निंबाच्या फुलांचा मंद वास तेवढा पसरला. लाल सळई पहाटेच्या गवतासारखी दवाने ओली झाली. पण कौतिकाबाई मात्र बेंबीवर हात दाबून मटकन खाली बसल्या. त्यांच्या स्वतःच्या पोटावर तान्हेपणीचा डाग होता. कधीच विसरलेला. तो आज पेटला होता.

"आई गं! जळतंय! आई, पाय सोड ना!" त्या म्हातारीच्या तोंडून एका तान्हीचा आवाज आला.

महाराजांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "इतक्या वर्षांत तुला कुणी विचारलंच नाही ना, बाळ, कुठं दुखतंय म्हणून?"

कौतिकाबाई हमसून हमसून रडल्या. आग विझली. महाराजांनी कोमट पाण्यात हिंग कालवून वाटी त्यांच्याच हाती दिली. "पिऊ घालू नकोस. बेंबीभोवती हलक्या हातानं लाव. मग खांद्यावर उभं धरून पाठ थोपट. दूध पाजल्यावर रोज असंच."

ज्या हातांनी गाव डागले, ते हात आता बाळाच्या बेंबीभोवती फिरू लागले. गोल, हळू, पाण्यावर वारा फिरावा तसे. मग त्यांनी बाळाला खांद्यावर घेतले आणि पाठ थोपटली. बाळाने आधी ढेकर दिली, आणि पाठोपाठ खालून असा काही आवाज काढला की साऱ्या बाया खदखदून हसल्या.

"घ्या, प्रसाद मिळाला!" महाराजही हसले.

कौतिकाबाई बाळाला सगुणाच्या मांडीवर देऊन त्यांच्या पायांवर वाकू लागल्या. महाराजांनी पाय आखडून घेतले आणि डोळ्यांवर झोप येऊ लागलेल्या त्या तान्ह्याचे गुलाबी तळवे पुढे केले. "इथं टेक डोकं. माफी इथं मागायची."

कौतिकाबाईंनी त्या एवढ्याशा पावलांवर कपाळ ठेवले. बाळ झोपेत हसले.

ती सळई पुन्हा कुणाच्या पोटाला लागली नाही. मठातल्या समईची वात सारायला ती अजून आहे. निंबारीत लेकरू रडले की बाया आधी तळहात एकमेकांवर घासून ऊन करतात, पोटावर ठेवतात आणि विचारतात, "कुठं दुखतंय, माझ्या राजा?" महाराज ओसरीवरून ते ऐकत असतील, खांद्यावरची फुले न झटकता.