साहेबांचा सोनेरी चष्मा

शेवंताकाकूची पैज कुरुंदवाडे साहेबांनी घेतली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!

झालं असं, की काकू सूतगिरणीत तुटलेले धागे जोडायची. आता तिला धागाच दिसेना, चष्म्याशिवाय नोकरी जाणार होती. पण आरोग्य फंडाचे साहेब म्हणाले, "फंड आजारपणासाठी आहे, बाई. चष्मा म्हणजे नट्टापट्टा! नामंजूर."

"मग लावा पैज, साहेब. तुमचा नट्टापट्टा उतरवून एक अर्ज तपासून दाखवा. चुकलात तर माझा मंजूर."

"हात्तिच्या, एवढंच?" साहेबांनी चष्मा काढून ठेवला. कारकुनानं जुन्या फायलीतनं हळूच काढून दिलेला एक कागद काकूनं पुढं केला. साहेबांनी डोळे बारीक केले, कागद पार नाकाला टेकवला, तरी काही दिसेना. मग तोऱ्यात विचारलं, "कशासाठी आहे हा अर्ज?"

"सोनेरी काडीच्या चष्म्यासाठी, साहेब. फंडानं पैसे देऊनही टाकलेत."

"नामंजूर! असल्या लबाडाकडनं पैसे वसूल करा!" साहेबांनी धाडकन शिक्का मारला.

"आता चष्मा घाला आणि लबाडाचं नाव मोठ्यानं वाचा."

साहेबांनी नाव बघितलं आणि त्यांचे कान लालेलाल झाले. अख्खं ऑफिस माना उंचावून बघत होतं.

"मीच तो," साहेब पुटपुटले. "आणा शेवंताबाई, तुमचा अर्ज आणा."