राजपुत्र गाल खाजवतो तेव्हा

एका राज्यात, जिथं डोंगर आपापल्या जागी बसून असत आणि नद्या सांगितल्या दिशेनं वाहत, तिथं भद्रकेतू नावाचा राजा राज्य करी. नद्यांचं आधीच सांगून ठेवलं, कारण पुढं त्या ऐकेनाशा झाल्या.

राणी हंसावतीला मुलगा झाला. पोर गुटगुटीत, हसरं. काही महिने गेले आणि त्याच्या गालांवर लाल चट्टे उठले. आधी कोरडे, मग खरखरीत, मग ओलसर. पोर गाल चोळी, उशीला घाशी, रडरड रडे. त्यानं डावा गाल खाजवला की नद्या उलट्या फिरून डोंगर चढत. उजवा खाजवला की कोंबडे संध्याकाळी आरवत आणि लोक जेवायचं सोडून नांगर घेऊन निघत. दोन्ही गाल एकदम खाजवले की काय होई ते सांगता येत नाही. तेव्हा सगळ्यांनाच विसर पडे.

त्या राज्यात गालभेटीची रीत होती. बाळ बघायला येणाऱ्यानं घरून काहीतरी आणावं आणि बाळाच्या गालाला लावावं. कुणी साय आणी, कुणी केशर, कुणी काजळ. रिकाम्या हातानं आला तो बाळाचा वैरी. चट्टे उठल्यावर रांग दुप्पट झाली. राजवैद्यानं मलम दिलं, पण मलमावर साय, सायीवर केशर, केशरावर चंदन. औषधाला गालच सापडेना. ज्योतिषी म्हणाला, मंगळ आहे. पुरोहित म्हणाला, दृष्ट आहे. राजाला सकाळी मंगळ पटे, दुपारी दृष्ट पटे आणि जेवण झालं की दोन्ही पटत.

रांगेत सगळ्यांत पुढं राजाची थोरली बहीण, विशालाक्षी. डाळीच्या पिठाचा गोळा घेऊन ती रोज भाच्याचे गाल घाशी.

"वन्सं, पोर कळवळतंय," राणी म्हणे.

"कळवळू दे. मळ निघतोय."

"मळ कुठला? कातडं निघतंय."

विशालाक्षीनं मग राजाला बजावलं, "शापित पोर उष्टावणाला सिंहासनावर बसत नाही. त्या दिवशीही नद्या उलट्याच वाहिल्या, तर त्याला काळ्या डोंगरापलीकडं ठेवून यावं लागेल. कायदा आहे."

"कुणी केला?"

"आपल्या आजोबांनी."

"आजोबा तर झोपेत बोलत, अक्का."

"झोपेत केलेला कायदाही पाळावा लागतो."

हे ऐकून राणीनं पोराला असं धरलं, की सोडवायची कुणाची छाती झाली नाही.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राजा, काळ्या डोंगरावर करालदंत जादूगार राहतो. शाप त्याचाच असणार."

"तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक नाही. सगळेच काही ना काही सांगतायत, मी एकटीनं गप्प का बसावं?"

राजा होडीत बसला. तिकडं महालात पोरानं डावा गाल खाजवला, नदी डोंगर चढू लागली, राजाची सोय झाली. निम्म्यात पोर झोपलं आणि नदी होडीखालून निघून गेली. उरलेला डोंगर राजा पायी चढला.

गुहेत करालदंत कोपर खाजवत बसला होता. राजानं तलवार उपसली. "शाप मागं घे, नाहीतर शीर उडवीन."

"मी दिलेला नाही. पाळण्यात होतो तेव्हापासून मीही हेच खाजवतोय. मला कुणी दिला ते सांग, दोघं मिळून त्याचं शीर उडवू."

राजा पार गोंधळला. तलवार म्यान करावी की नाही, तेही त्याला सुचेना.

"तीन कामं कर," जादूगार म्हणाला. "पहिलं. पोराला कोमट पाण्यानं थोडा वेळच न्हाऊ घाल. घासू नकोस. मऊ कापडानं टिप आणि अंग ओलसर आहे तोवर या बरणीतलं मलम लाव. याला रंग नाही, वास नाही."

"आणि जादू?"

"तीही नाही. म्हणून तर हे कुणी लावत नाही. चट्टे फार भडकले तर वैद्याचं औषध लाव, त्यानं सांगितलं तेवढंच. दुसरं काम, गालभेट बंद. तिसरं तुझं तुला दिसेल. ते सगळ्यांत अवघड."

"मग शाप सुटेल?"

"मुठीत राहील. मधूनमधून डोकं वर काढील, तेव्हा पुन्हा हेच करायचं."

राजा परतला. न्हाणीघराच्या दारात ढाल घेऊन उभा राहिला. विशालाक्षी पिठाचा गोळा घेऊन आली.

"भद्रकेतू, याच पिठानं घासून मी तुला मोठा केला."

"म्हणून तर मी असा आहे, अक्का."

विशालाक्षी रागानं परत गेली आणि त्या पिठाची भजी करून एकटीच खात बसली. पहिलं काम झालं.

मग राजानं दवंडी पिटवली, की गालभेट वेशीवरच्या दगडी घोड्याला लावावी. लोकांनी घोड्याला साय-केशरानं माखलं. घोडा शिंकला आणि पुन्हा दगड झाला. दुसरं काम झालं.

गाल निवळू लागले. कोंबडे ताळ्यावर आले. पण रोज सकाळी डावा गाल लाल होई आणि नदी थोडी तरी डोंगर चढेच. राजानं पाणी बदललं, पाळणा बदलला, ज्योतिषीही बदलून पाहिला.

साळुंकी म्हणाली, "राजा, सकाळी तू येईपर्यंत नदी सरळ असते."

त्या राजघराण्याच्या मिशा नाण्यांवर कोरलेल्या होत्या. राजा रोज त्यांना गुलाबाचं अत्तर चोळी, दरबारात जाण्याआधी पाळण्याशी येई आणि पोराच्या डाव्या गालाचा मुका घेई. आता तो आरशासमोर बराच वेळ बसला. मग त्यानं न्हाव्याला बोलावणं धाडलं.

बिनमिशांच्या राजाला पहारेकरी आत सोडीनात. राणीनं आवाजावरून ओळखलं, तेव्हा आत घेतलं. राजानं हात धुतले, पोराच्या पावलाचा मुका घेतला. पोर हसलं. नदी जागची हलली नाही.

उष्टावणाच्या दिवशी राणी पोराला घेऊन सिंहासनावर बसली. डाव्या गालावर फिकट गुलाबी डाग होताच. विशालाक्षीचा हात सवयीनं गालाकडं गेला, मध्येच थांबला. सगळा दरबार नदीकडं बघू लागला. नदी खाली वाहत होती. विशालाक्षीनं पोराला खिरीचं बोट चाटवलं, ओठ टिपले आणि म्हणाली, "आजोबांचं काही मनावर घेऊ नका. झोपेत होते."

थंडीत चट्टा पुन्हा उठला. नदी थबकली, मागं बघू लागली. राणीनं बरणी उघडली, तशी नदी ओशाळून वाटेला लागली.

नद्या वाटेवर, कोंबडे वेळेवर, पोर आईच्या मांडीवर. कहाणी इथं निवली. ऐकणाऱ्यांनी आता हात धुवावेत आणि पाळण्यातलं पोर लांबूनच बघावं.