कातलेला पंखा

एकदा एका डोंगरी वाडीतल्या टाकीने एका हुशार शिष्येची झोप उडवली. तिचे नाव केतकी. वरच्या टाकीत पाणी चढवायला पायथ्याच्या विहिरीवर सौरऊर्जेवर चालणारा पंप तिने स्वतः निवडून बसवला होता, आयुष्यातला पहिला. डोंगराची उंची तिने खालूनच अदमासाने ठरवली आणि "कमी पडायला नको" म्हणून चांगला दणकट पंप घेतला. आपण तरी वेगळे काय करतो? मुलाचा सदराही दोन मापे मोठाच आणतो.

पण पाइपावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मोटर इतकी वीज मागे, की सोलर पॅनेल हात टेकत. म्हणून व्हॉल्व्ह निम्मा बंद ठेवून पंप चालवायचा. तरीही दोन वाजता ऊन कलले की पंप गप्प, टाकी अर्धी आणि बायका पुन्हा हंडे घेऊन उतरणीला. शेवटी वाडीतल्या सखूबाईंनी निक्षून सांगितले, "उद्या टाकी भरली नाही तर तुझा पंप घेऊन जा बाई."

केतकी तडक आपल्या गुरूंकडे, दस्तगीरचाचांकडे गेली. उभा जन्म पंपांत घालवलेला माणूस. चाचांनी आधी डोंगराची उंची मोजून आणायला लावली. मग पंप उघडला, पाणी फेकणारा पितळी पंखा काढला आणि सरळ लेथवर चढवून चहूबाजूंनी बोटभर कातून टाकला. केतकीच्या तोंडचे पाणी पळाले.

"चाचा, आधीच टाकी भरत नाही, आणि तुम्ही पंखाच लहान करताय?"

"लेथ चालू असताना बोलू नये," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा बसला. चाचांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. केतकी विजेच्या मीटरकडे पाहत होती. काटा चढला, थरथरला आणि कालच्यापेक्षा कितीतरी खाली स्थिरावला. वरून फोन आला, धार कालच्याइतकीच आहे. तिला खरेच वाटेना. दोन वाजले, तीन वाजले, पंप चालूच. ती मीटर आणि विहीर यांमध्ये नुसती येरझारा घालत होती.

चाचा कठड्यावर बसून म्हणाले, "पोरी, काल तुझा पंप पाणी जोरात ढकलत होता आणि तूच ते व्हॉल्व्हने अडवत होतीस. निम्मी वीज त्या भांडणात जात होती. पाणी किती हवं आणि किती उंच चढवायचं, हे आधी विचारावं. त्या कामाच्या मापाचा पंखा असला, की पंप थोड्या विजेत, कललेल्या उन्हातही भागवतो. नुसती ताकद वाढवली की ती अडवायलाही ताकदच लागते."

साडेचारला पुन्हा फोन वाजला. सखूबाई होत्या.

"टाकी वाहायला लागली बघ. पंप राहू दे."

केतकीला हसू आणि रडू एकदमच आले. पुढच्या गावी पंप बसवायचे ठरले, तेव्हा ती दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन डोंगर चढली.