गोजरीच्या वाटणीचं फोलपट

फार जुन्या काळी बाभळीखालच्या एका वारुळात रीत होती. जिने दाणा आणला, तिनेच आतलं एक फोलपट बाहेर काढून त्या दाण्याला जागा करायची.

एकदा मळणीच्या दिवसांत वारुळाचं कोठार शिगोशीग भरलं. मग काय, सगळ्याच मुंग्या दाणे दाराशी टाकून फोलपटं काढायला आत घुसल्या. बोळ अरुंद. आतलीला बाहेर येता येईना, बाहेरचीला आत जाता येईना. एकेका फोलपटाला चौघी चार दिशांना ओढू लागल्या. बाहेर चिमण्या मजेत दाणे टिपत होत्या.

"निघा सगळ्या बाहेर!" म्हातारी ठमामावशी ओरडली. "एका वेळी दोघीच आत जा. बाकीच्यांनी दाणे राखा."

"आणि आम्हाला आळशी म्हटलं तर?" तरणी गोजरी फणकारली.

"म्हणू दे. चिमणी आली की कडकडून चाव."

गोजरी धुसफुसत बसली. दोन चिमण्यांना चावली, तेव्हा जरा बरं वाटलं. तिची पाळी आली तशी ती तरातरा आत गेली आणि तशीच परत आली.

"मावशी, आत भरपूर जागा झालीय! पण माझ्या वाटणीचं फोलपटच उरलं नाही. आता मी काय करू?"

"अगं बाई," ठमामावशी म्हणाली, "दाणा ने की आत!"